रोजा, बुरखा आणि दहावीचा पेपर : बीडच्या मुस्लिम विद्यार्थ्यांच्या परीक्षेवरचा वाद नेमका काय आहे?

यंदा दहावीचा पहिला पेपर २० फेब्रुवारी २०२६ ला आहे. वार शुक्रवार. १८ तारखेला चंद्र दिसला तर १९ ला पहिला रोजा, आणि दुसऱ्याच रोज्याला भाषेचा पेपर. लेखी परीक्षा संपणार १८ मार्चला, तेव्हा ईद दोन-तीन दिवसांवर आलेली असेल. थोडक्यात, यंदाची अख्खी दहावी रमजानमध्ये आहे. बारावीची १० फेब्रुवारीलाच सुरू झाली, तिचाही मोठा भाग रोज्यांत जाणार.

आता फोन उघडला की दोन प्रकारचे मेसेज येतात. एक म्हणतो, मंडळाने मुद्दाम रमजान बघून परीक्षा ठेवली. दुसरा म्हणतो, बुरख्याआडून कॉपी चालते, आधी ते बंद करा. दोन्ही मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरात यंदा दहावीचं पोरगं आहे, हा प्रश्न विचारून बघायला हरकत नाही.

ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी हा लेख. आणि ज्यांना या वादात नेमकं काय खरं, काय उगाच, हे समजून घ्यायचंय त्यांच्यासाठीही. उदाहरण बीड जिल्ह्याचं घेऊ, कारण या वादाचे जवळपास सगळे धागे बीडमध्ये एका जागी सापडतात.

आधी कॅलेंडरचा हिशोब

इस्लामी वर्ष चंद्रावर चालतं. ते आपल्या नेहमीच्या वर्षापेक्षा साधारण १०-११ दिवसांनी लहान असतं, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढाच अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून परत येतो. २०२४ मध्ये रमजान १२ मार्चला सुरू झाला, दहावीची परीक्षा १ मार्चला. २०२५ मध्ये परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च, रमजान २ मार्चपासून. यंदा दोन्ही एकमेकांवर बरोबर बसलेत.

दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये घेण्याची रीत जुनी आहे आणि तिचा रमजानशी संबंध नाही. उलट गेली दोन वर्षं मंडळाने परीक्षा आठ-दहा दिवस अलीकडे आणली ती निकाल लवकर लागावा आणि पुढचे प्रवेश वेळेत व्हावेत म्हणून. त्यामुळे 'मुद्दाम ठेवली' हा मेसेज चुकीचा आहे. आज पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे आईवडील ज्या काळात दहावीला होते त्याच्या आसपास, म्हणजे १९९३ च्या सुमारास, रमजान असाच फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होऊन मार्चभर होता. घरात मोठ्या चुलत्याला किंवा फुफीला विचारा, त्यांनी रोजे ठेवून पेपर दिले असण्याची शक्यता बरीच आहे.

पण मुद्दाम नाही म्हणजे अडचण नाही, असा अर्थ होत नाही.

रोजा ठेवून पेपर : त्रास कशाचा?

बीडमध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सेहरीची वेळ सकाळी साडेपाचच्या आसपास संपते आणि इफ्तार संध्याकाळी साडेसहाच्या आसपास होतो. तेरा तासांचा रोजा. पेपर अकरा वाजता. दोन वाजता संपतो, वर मंडळाने २०२३ पासून शेवटी दिलेली दहा मिनिटं. म्हणजे पेपर सुरू होताना पोटात अन्न जाऊन साडेपाच तास झालेले असतात, सुटताना साडेआठ.

खरं सांगायचं तर अकराची वेळ रोजेदारासाठी तशी बरी आहे. दुपारी तीन ते सहाच्या सत्रात बसायची वेळ आली तर हाल जास्त. भुकेचं आपल्याला वाटतं तेवढं नसतं, पंधरा वर्षांच्या ज्या मुलाने आधी दोन-तीन वर्षं रोजे ठेवलेत त्याच्या शरीराला त्याची सवय झालेली असते. मार बसतो तो झोपेला. रात्री इशाची नमाज, मग तरावीह, घरी येईपर्यंत साडेनऊ-दहा. त्यानंतर उद्याच्या पेपरची उजळणी. पहाटे साडेचारला सेहरीसाठी आई उठवणार. मधे जी झोप मिळते ती चार-पाच तासांची, तीही तुटक. असं तीन-चार दिवस चालून जातं, पण इथं परीक्षा जवळपास चार आठवडे चालते. दुसऱ्या आठवड्यात गणिताच्या पेपरला डोकं जड होतं ते त्यामुळे. त्यात मार्च उजाडला की मराठवाड्याचं ऊन, आणि परीक्षा केंद्र गावापासून आठ-दहा किलोमीटरवर असेल तर दुपारी सव्वादोनला एसटीची वाट बघत उभं राहणं.

याचा गुणांवर परिणाम होतो का? नेदरलँड्समधल्या ऊस्टरबेक आणि व्हॅन डर क्लाऊ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे निकाल तपासून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शिकवणीच्या काळात रमजानचा एक आठवडा जास्त आला तर मुस्लिम विद्यार्थ्यांचे गुण थोडे घसरतात, प्रमाण विचलनाच्या साधारण दहाव्या भागाएवढे, असं त्यांना आढळलं. हा फरक मोठा नाही. पंचाऐंशी टक्क्यांच्या मुलाला तो जाणवणारही नाही. पण पासिंगच्या ३५ गुणांच्या काठावर असलेल्या मुलाला दोन गुणही खूप असतात.

मग रोजा सोडायचा का? हा निर्णय घरच्यांचा आणि त्या मुलाचा, वेबसाइटने सांगायचा नाही. एवढं नोंदवायला हवं की आजारी माणसाला, प्रवाशाला आणि पाळीच्या दिवसांत मुलींना सवलत आहे, राहिलेले रोजे नंतर भरून काढता येतात. परीक्षा हे स्वतंत्र कारण मानायचं की नाही यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. बहुतेक जण केवळ परीक्षेसाठी रोजा सोडू नये म्हणतात, काही जण जीव कासावीस होण्याएवढा त्रास असेल तर मोकळीक देतात. ज्या मुलाने ठेवला त्याला 'कशाला उपाशी मरतोस' म्हणणं, आणि ज्याने नाही ठेवला त्याला मोहल्ल्यात टोमणे मारणं, दोन्ही परीक्षा संपेपर्यंत थांबवलं तर बरं होईल. पेपरच्या आदल्या रात्री तरावीह मशिदीऐवजी घरी छोटी पढून लवकर झोपणं, आणि सेहरीनंतर पुन्हा न झोपता तासभर पाठांतर करून मग सातच्या सुमारास डोळा लावणं, असे उपाय अनेक घरं वर्षानुवर्षं करतात. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज लागत नाही.

शुक्रवारचं काय?

पहिलाच पेपर शुक्रवारी, तोही रमजानच्या पहिल्या शुक्रवारी. जुम्याची नमाज साधारण दीड-दोनच्या आसपास होते आणि पेपर दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतो. मुलं अर्ध्या पेपरात उठून जाणार नाहीत, आणि कुणी तसं म्हणतही नाही. यावर मंडळाने वेळ बदलावी अशी मागणी करण्याआधी एक सोपी गोष्ट आहे. परीक्षेच्या शुक्रवारी एखाद्या मशिदीत जुमा अडीच-पावणेतीनला ठेवणं किंवा दुसरी जमात उभी करणं हे मशिदीच्या कमिटीच्या हातात आहे. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई अशा गावांत केंद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर मशीद आहेच. एवढं केलं तरी शेकडो मुलांची घालमेल वाचते.

शुक्रवार टाळता आला असता का? सगळेच शुक्रवार टाळले तर वेळापत्रक आणखी लांबेल आणि रोज्यातले दिवस वाढतील. मला तरी तो सौदा फायद्याचा वाटत नाही.

आता बुरख्याकडे येऊ

जानेवारी २०२५ च्या अखेरीस राज्याचे मत्स्यव्यवसाय आणि बंदरे मंत्री नितेश राणे यांनी शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांना पत्र लिहिलं. दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांवर बुरखा घालून येऊ देऊ नये, ही मागणी. कारणं दोन दिली होती, सुरक्षा आणि कॉपी. त्याच पत्रात गरज पडल्यास तपासणीसाठी महिला पोलीस किंवा महिला कर्मचारी नेमावेत, असंही होतं. बातम्यांत पहिली मागणी गाजली, दुसरी कुणी फारशी वाचली नाही. बुरखाबंदीचा आदेश काही निघाला नाही आणि २०२५ च्या परीक्षा नेहमीप्रमाणे झाल्या.

आता तीन वर्षं मागे जा. फेब्रुवारी २०२२. कर्नाटकात उडुपीच्या कॉलेजातून हिजाबचा वाद पेटला होता आणि त्याची धग थेट बीड शहरात पोचली. शहरात बॅनर लागले, 'पहले हिजाब, फिर किताब'. राष्ट्रीय चॅनेलांनी बीडचं नाव त्या दिवशी त्या बॅनरमुळे घेतलं.

हे पत्र आणि तो बॅनर एकमेकांच्या विरुद्ध टोकांवरून आलेत. पण नीट बघितलं तर दोन्हींचा क्रम एकच आहे. कपडा आधी, पुस्तक नंतर. एकाने म्हटलं घातल्याशिवाय शिकायचं नाही, दुसऱ्याने म्हटलं काढल्याशिवाय पेपर द्यायचा नाही. दोन्हीकडे मुलीचं शिक्षण अटीवर आलं, आणि अट घालणाऱ्यांपैकी कुणालाही त्या दिवशी अकरा वाजता बाकावर बसायचं नव्हतं.

कॉपीचा मुद्दा मात्र बाजूला सारता येणार नाही, विशेषतः बीडबद्दल बोलताना. बीड ज्या छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतं, तो विभाग कॉपी प्रकरणांच्या बाबतीत बदनाम आहे. खिडकीतून चिठ्ठ्या फेकणारे भाऊ, भिंतीवर चढलेले मित्र, पेपर फुटल्याच्या अफवा, हे सगळं इथं दरवर्षीचं आहे. कॉपीविरोधात १९८२ चा कायदा आहे, भरारी पथकं आहेत, बैठी पथकं आहेत, कॉपीमुक्त अभियान आहे. २०२५ मध्ये मंडळाने आणखी एक पाऊल उचललं. ज्या केंद्रांवर आधीच्या परीक्षांत कॉपीची प्रकरणं सापडली होती, तिथले केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक बदलून दुसऱ्या शाळांचे नेमायचे. हा निर्णय काय सांगतो? कॉपीचं मूळ कुठं आहे हे मंडळाला ठाऊक आहे. ते केंद्राच्या कारभारात आहे. शर्टाच्या बाहीत चिठ्ठी बसते, मोज्यात बसते, कंपासपेटीत बसते, बुरख्यातही बसू शकते. म्हणून तपासणी सगळ्यांची हवी, आणि मुलींची तपासणी बाईने करायला हवी. बुरखा घातलेली असो वा सलवार-कमीज, कोणत्याही मुलीची.

ओळख पटवण्याचा प्रश्न त्याहून सोपा. हॉल तिकिटावर फोटो असतो. दाराशी एक शिक्षिका, आडोशाला एक खोली, चेहरा बघायला लागणारा अर्धा मिनिट. मतदान केंद्रावर बुरखा किंवा घूंघट घेतलेल्या बाईची ओळख महिला कर्मचारी पटवतात, हे आपण प्रत्येक निवडणुकीत बघतो.

आणि याचं तयार उत्तर देशाने दहा वर्षांपूर्वीच शोधलंय. मेडिकल प्रवेशाच्या परीक्षेत २०१५ मध्ये कडक पोशाखनियम आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपाला नकार दिला होता. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, केरळ उच्च न्यायालयाने मधला रस्ता काढला. हिजाब घालून या, पण तपासणीसाठी लवकर या आणि तपासणी महिला करतील. आज नीटच्या नियमांत धार्मिक किंवा पारंपरिक पोशाखातल्या उमेदवारांनी लवकर यावं अशी सूचनाच असते. देशातल्या सगळ्यात कडक तपासणीच्या परीक्षेला हे चालतं, तर दहावीच्या मराठीच्या पेपरला का चालू नये? अर्थात कागदावर नियम असून केंद्रावर तो कुणी वाचलेला नसतो, हेही होतं. जुलै २०२२ मध्ये वाशीममध्ये नीटला आलेल्या काही मुलींनी बुरखा आणि हिजाब काढायला लावल्याची तक्रार केली, तेव्हा ही सूचना अस्तित्वात होतीच.

कायदा आज कुठं उभा आहे तेही पाहू. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ ला हिजाबबंदी कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींचे निकाल एकमेकांविरुद्ध आले, त्यामुळे अंतिम निर्णय झालेला नाही. महाराष्ट्रात मुंबईच्या चेंबूरमधल्या एका कॉलेजच्या हिजाब, टोपी, बॅजबंदीच्या परिपत्रकाला सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ ला अंशतः स्थगिती दिली, पण वर्गात बुरखा घालता येणार नाही असंही सांगितलं. म्हणजे हिजाब आणि बुरखा यांत न्यायालयानेही फरक केलाय. व्हॉट्सॲपवर मात्र दोन्ही एकच समजले जातात. आणि हे सगळे खटले वर्गातल्या गणवेशाचे आहेत, बोर्डाच्या परीक्षेचे नाहीत.

बीडमध्ये एवढं महत्त्व का?

कारण या जिल्ह्यात दहावीचा पेपर हा मुलीसाठी फक्त पेपर नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचं दिसलं. हा आकडा सगळ्या जातीधर्मांचा मिळून आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत पोरगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून, दुष्काळात खर्च परवडत नाही म्हणून, आणि 'जमाना खराब आहे' म्हणून. कारणं सगळीकडे सारखीच.

अशा ठिकाणी शाळेत जाणारी मुलगी ही रोज घरात थोडी वाटाघाट करत असते. दहावीपर्यंत जाऊ दे, मग बघू. दहावी पास झाली तर अकरावीचा विषय काढता येतो, नापास झाली किंवा परीक्षाच दिली नाही तर तो विषय बंद होतो आणि दुसरा सुरू होतो. मुलीच्या बाबतीत घरातल्या नाही म्हणणाऱ्याला फक्त एक निमित्त लागतं. केंद्राच्या दारात चार लोकांसमोर बुरखा उतरवायला लावला, ही बातमी गल्लीत पोचली की ते निमित्त मिळालं. मग पुढच्या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीचा फॉर्म भरायचा की नाही, इथून चर्चा सुरू होते. राज्यात २०२५ च्या दहावीत मुलींचा निकाल ९६.१४ टक्के आणि मुलांचा ९२.३१ टक्के लागला. बाकापर्यंत पोचलेली मुलगी पास होते. अडचण पोचण्याची आहे.

मंडळ निकाल विभागवार, जिल्हावार, विषयवार देतं, धर्मवार देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे कोण किती मागे पडलं हे कळायला जनगणना आणि सर्वेक्षणांवरच अवलंबून राहावं लागतं. २०११ च्या जनगणनेनुसार बीडमध्ये मुस्लिम लोकसंख्या सुमारे १२ टक्के. सच्चर समितीने २००६ मध्ये देशाचं आणि मेहमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये महाराष्ट्राचं चित्र मांडलं, दोन्हींत एक गोष्ट सारखी होती. प्राथमिक शाळेत मुस्लिम मुलं भरपूर दिसतात, वरच्या वर्गांत ती गळत जातात. जुलै २०१४ च्या अध्यादेशाने राज्यात मुस्लिमांना पाच टक्के आरक्षण दिलं, त्यातला शिक्षणाचा भाग उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये चालू ठेवायला परवानगी दिली, तरी अध्यादेशाचं कायद्यात रूपांतर न झाल्याने तो संपला. २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद केली, नववी-दहावीपुरती ठेवली. ज्या वयात गळती सुरू होते त्या वयातला आधार काढून घेतला, असं माझं मत.

भाषेचा पेपर, आणि एक जुनी गोष्ट

मुस्लिम विद्यार्थी म्हणजे उर्दू माध्यम, हा आणखी एक गैरसमज. बीडच्या खेड्यापाड्यांत उर्दू शाळा नसते. तिथली मुलं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकतात, २० तारखेला ती सगळ्यांसोबत मराठी कुमारभारतीचाच पेपर लिहिणार. शहरातल्या उर्दू शाळेतली मुलं त्या दिवशी उर्दूचा पेपर देतील, आणि मराठीचा अक्षरभारतीचा पेपर दुसरी भाषा म्हणून वेगळा. घरी बोलायची दखनी, पुस्तकातली शुद्ध उर्दू आणि बाजारातली मराठी. एवढ्या तीन भाषा सांभाळणाऱ्या मुलाला आपण 'भाषेत कच्चा' म्हणतो, ही गंमतच.

खरी अडचण दहावीनंतर येते. उर्दूत विज्ञान आणि गणित शिकलेल्या मुलाला अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत मिळतं. मराठी माध्यमाच्या मुलाचंही हेच होतं, पण त्याला निदान वर्गातले सर मराठीत समजावून सांगतात. उर्दूवाल्याला दोनदा भाषांतर करावं लागतं. नीट २०१८ पासून उर्दूत देता येते, तीही न्यायालयात जाऊन मिळालेली सोय, पण अकरावी-बारावीची तयारी ज्या पुस्तकांतून करायची ती इंग्रजीतच आहेत.

या बाबतीत बीडचा इतिहास मजेशीर आहे. १९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होतं. राज्यकारभार उर्दूत, १९१८ मध्ये स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं, आणि माध्यमिक शाळांतही उर्दूचाच वरचष्मा. घरी मराठी बोलणाऱ्या देशमुखाच्या, कुलकर्ण्याच्या, पाटलाच्या मुलाला परीक्षा उर्दूत द्यावी लागायची. अंबाजोगाईचं तेव्हाचं सरकारी नाव मोमिनाबाद. त्याच गावात १९३० च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ योगेश्वरी शाळेत शिकवत होते, आणि मराठवाड्यातल्या राष्ट्रीय शाळांच्या चळवळीमागे मुलांना आपल्या भाषेत शिकता यावं हीच आच होती. परीक्षेची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असली की काय होतं, हे बीडच्या आज्या-पणज्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाजू बदलली, प्रश्न तोच राहिला.

ज्यांची शाळा मधेच सुटली

यांच्याबद्दल बोलणं कमी होतं. मदरशात हिफ्ज करायला गेलेली मुलं, आठवीनंतर गॅरेजला किंवा पुण्या-मुंबईला कामाला लागलेली मुलं, लग्न होऊन गेलेल्या मुली. त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून थेट दहावीला बसता येतं. नोंदणी पावसाळ्याच्या सुमारास सुरू होते, ऑनलाइन होते, संपर्ककेंद्र म्हणून एक शाळा मिळते. यंदाची संधी गेली. पुढच्या वर्षासाठी आत्ता आठवण ठेवा, कारण तारीख निघून गेल्यावर कळण्याचं प्रमाण फार आहे.

पुढच्या वर्षी काय?

२०२७ मध्ये रमजान साधारण ८ फेब्रुवारीला सुरू होईल आणि ईद येईल १० मार्चच्या आसपास. परीक्षा आत्ताच्याच तारखांना ठेवली तर ईद थेट दहावीच्या पेपरांच्या मध्यात पडते. गेल्या तीन वर्षांत असं झालं नव्हतं, कारण प्रत्येक वेळी ईद परीक्षा संपल्यावर आली. सरकारी सुट्टीच्या दिवशी पेपर नसतो, हे खरं. पण ईदचा दिवस चंद्रावर ठरतो, कॅलेंडरवर छापलेल्या तारखेहून एक दिवस पुढे-मागे होऊ शकतो. तारीख सरकली आणि दुसऱ्या दिवशी पेपर असला तर काय करायचं, हे आदल्या रात्री नऊ वाजता ठरवता येत नाही. म्हणून त्या आठवड्यात सलग दोन दिवस पेपर नको, एवढीच मागणी करण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये २०१६ साली रमजान जूनच्या परीक्षांत आला, तेव्हा तिथल्या परीक्षा मंडळांनी शक्य तिथे मोठ्या विषयांचे पेपर आधी किंवा सकाळी ठेवले होते. परीक्षा काही बंद पडली नाही.

मंडळ संभाव्य वेळापत्रक आधी वेबसाइटवर टाकतं आणि त्यावर हरकती-सूचना मागवतं, असं अलीकडे झालंय. २०२५ च्या परीक्षेसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये झालं होतं. मुदत जेमतेम काही दिवसांची असते. शाळेच्या मुख्याध्यापकांनी, पालक संघाने, मशिदीच्या कमिटीने मंडळाच्या सचिवांना एक पानी पत्र किंवा ईमेल त्या मुदतीत पाठवला तर तो फाइलला लागतो. फेब्रुवारीत टाकलेला स्टेटस चोवीस तासांत उडतो.

आणि २० तारखेला ज्यांचा पेपर आहे त्यांनी : साडेदहाला केंद्रावर हजर राहायचं आहे. बुरख्यात जाणाऱ्या मुलींनी सव्वादहालाच पोचा, म्हणजे ओळख आणि तपासणी गर्दीआधी उरकेल. बाईने तपासावं असं नम्रपणे, पण स्पष्ट सांगा. हॉल तिकीट आदल्या रात्रीच दप्तरात ठेवा, सेहरीच्या गडबडीत शोधायला लागू नये.